मंगळवारी घरचा, शुक्रवारी बाहेरचा: परराष्ट्र मंत्र्यांना डहाणूहून खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत: महाराष्ट्राचे लोकसभेतील ४८ आणि राज्यसभेतील १९ सदस्य

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र आपल्याला टपालानेही पाठवलं आहे. इथे चारचौघांत ठेवतोय, कारण याआधी टपालाने गेलेल्या पत्रांचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर बत्तीस वर्षं शिकवलं. निवृत्त झालो, पण अर्ज लिहून देणं सुटलं नाही. रेशनकार्ड, वनहक्काचा दावा, जातीचा दाखला, काही अडलं की पाड्यावरून कुणीतरी येतं आणि म्हणतं, "गुरुजी, दोन ओळी लिहून द्या." या कागदांत गेली तीनेक वर्षं एक फाइल सगळ्यांत वर असते. तिच्यावर माझ्या एका विद्यार्थ्याचं नाव आहे. नाव इथे लिहीत नाही, त्याच्या आईने नको म्हटलं आहे. सातवीपर्यंत माझ्याकडे होता. अक्षर सुरेख, गणित बेताचं, पोहण्यात पहिला. मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, पकडला गेला, आणि २०२२ पासून तो पाकिस्तानात कराचीच्या मलीर तुरुंगात आहे.

आपल्याकडे, म्हणजे डहाणू आणि तलासरीकडे, खलाशी कसे होतात हे दिल्लीत बसून कळणं अवघड आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठायची वेळ आली की गुजरातच्या बोटमालकांची माणसं पाड्यांवर फिरतात. ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ. शेठ उचल देतो. त्या पैशांत घराचं छप्पर होतं, जुनी देणी फिटतात, कधी बहिणीचं लग्न होतं. मग ऑगस्टमध्ये पोरं जीपमध्ये, रेल्वेच्या जनरल डब्यात कोंबून निघतात आणि मे महिन्यात परततात. मधले आठ-नऊ महिने उचल फेडण्यात जातात. हे बहुतेक वारली, पिढीजात दर्यावर्दी नव्हेत. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो, तांडेलाला शेठ सांगतो, आणि मासळी कुठे आहे हे कुणाच्याच हातात नसतं. किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली तसतशा बोटी वरच्या अंगाला, सर क्रीकच्या दिशेने सरकत गेल्या. तिथे भारत आणि पाकिस्तान यांच्यातली सागरी सीमा आजही ठरलेली नाही. ९६ किलोमीटरची ती खाडी कुणाची हे दोन्ही सरकारांनी इतक्या दशकांत मिटवलेलं नाही, आणि ती न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून डोक्यावर उचल असलेला एक पोरगा तुरुंगात जातो.

बातमी कशी येते? सरकारी कागदाने येत नाही. दुसऱ्या बोटीवरचा कुणी मोबाइलवर सांगतो, "बोट पकडली." आमच्याकडे हे दोन शब्द पुरतात. आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात पोराचं आधारकार्ड होतं आणि ते घेऊन कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

आता आपल्या उत्तरांबद्दल.

पाकिस्तानच्या ताब्यातल्या मच्छीमारांविषयी संसदेत प्रश्न आला की आपल्या मंत्रालयाचं उत्तर माझा नातू मला छापून देतो. मी लाल पेन घेऊन वाचतो, जुनी खोड. प्रश्न विचारणारे खासदार बदलतात, पक्ष बदलतात, वर्षं बदलतात. उत्तराचा सांगाडा मात्र तोच. सरकार मच्छीमारांच्या सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य देतं. अटक झाल्याचं कळताच इस्लामाबादचं उच्चायुक्तालय कॉन्सुलर अ‍ॅक्सेस मागतं, म्हणजे आपल्या माणसाला तुरुंगात जाऊन कैद्याला भेटू द्या म्हणतं. विषय पाकिस्तानकडे सातत्याने मांडला जातो. २०१४ पासून इतके परत आणले.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. वर्गात 'पाऊस कसा पडतो' या प्रश्नाला 'पाऊस शेतकऱ्याचा मित्र आहे' असं लिहिणारी मुलं असायची. त्यांनाही मी खोटारडं म्हटलं नाही. वही परत द्यायचो आणि म्हणायचो, प्रश्न पुन्हा वाच. आज आपली वही परत देतोय, राग नसावा.

प्रश्न असा आहे. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी कैद्यांबाबत एक करार केला. त्यात तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत: अटक झाली की लगेच कळवायचं, तीन महिन्यांच्या आत कॉन्सुलर अ‍ॅक्सेस द्यायचा, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की एका महिन्यात माणूस मायदेशी पाठवायचा. याच कराराप्रमाणे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना याद्या देतात. युद्धाची भाषा चालू असली तरी याद्या चुकत नाहीत, हे खरोखर कौतुकाचं आहे.

१ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने २१७ मच्छीमार आणि ४९ इतर नागरिक दाखवले. आपल्याच मंत्रालयाने त्या दिवशी सांगितलं की शिक्षा पूर्ण झालेल्या १८३ जणांना लवकर सोडावं अशी मागणी केली आहे. सहा महिन्यांनी, १ जुलैला, मच्छीमार १९३ आणि नागरिक ५३. शिक्षा पूर्ण झालेले १५९. म्हणजे दर तिघांतले जवळजवळ दोघे शिक्षा भोगून मोकळे झालेले, आणि तरी आत. करारातला एक महिना यांच्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत नेमका कुठे अडला? राष्ट्रीयत्वाची खात्री कुणी करायची राहिली, पाकिस्तानने की आपण? एवढंच मला विचारायचं आहे, आणि याचं उत्तर मला कुठल्याही छापील कागदावर सापडलेलं नाही.

सापडत का नाही, याचं कारण मला हळूहळू उमगलं. ते पाकिस्तानात नाही, आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात आहे.

लोकसभेत सध्या गृह मंत्रालयाच्या प्रश्नांचा वार मंगळवार. परराष्ट्र मंत्रालयाचा शुक्रवार. आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रवास पाहा. पाकिस्तान म्हणतं, हा भारतीय आहे हे सिद्ध करा. आपलं मंत्रालय ती माहिती गृह मंत्रालयाकडे देतं, तिथून ती राज्याच्या गृह विभागाकडे, तिथून जिल्हा पोलिसांकडे, तिथून ठाण्याकडे, आणि एक दिवस शिपाई पाड्यावर येऊन विचारतो की हा तुमचाच का. मग तोच कागद त्याच पायऱ्यांनी वर चढत जातो. शुक्रवारी आपल्याला विचारलं तर उत्तर इस्लामाबादकडे बोट दाखवतं. मंगळवारी गृह खात्याला विचारलं तर पोलीस हा राज्याचा विषय. मत्स्यव्यवसाय खात्याला विचारलं तर मासेमारी राज्याचा विषय. कामगार खात्याकडे गेलं तर बोटीवरच्या खलाशाला परराज्यात नेलेला स्थलांतरित कामगार म्हणून कुणी नोंदवलेलंच नाही, त्यासाठीचा १९७९ चा कायदा होता, तो पुस्तकात राहिला. पोरगा एक, त्याची आई एक, आणि त्यांच्याबद्दलचा प्रश्न चार खात्यांत आणि निरनिराळ्या वारांत विभागलेला. कुठल्याच मंत्र्याला त्याचं अख्खं उत्तर द्यावं लागत नाही.

'राज्याचा विषय' या उत्तराचं तर मला विशेष वाटतं. नागरिकशास्त्र शिकवलंय मी. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या नोंद २१ मध्ये 'मत्स्यव्यवसाय' आहे, हे खरं. पण केंद्रसूचीची नोंद ५७ काय म्हणते? प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी आणि मत्स्यव्यवसाय. प्रादेशिक जलधी म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैल. त्यापुढचा दर्या दिल्लीचा आहे, गांधीनगरचा नाही आणि मुंबईचाही नाही. तिथे काय घडतं त्याचं उत्तर केंद्राच्या मंत्र्यालाच द्यावं लागेल.

प्रश्नोत्तराच्या तासाचे नियम मी या वयात मुद्दाम वाचले. पंधरा दिवसांची आगाऊ सूचना. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, तेही सोडतीने ठरणारे. त्यांतले पाच-सहाच प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पोचतात, मग बाराचे ठोके पडतात. बाकीचे २३० अतारांकित, त्यांची छापील उत्तरं पटलावर. अतारांकितात उपप्रश्न नाही. आणि खरी मेख उपप्रश्नात असते, हे वर्ग घेतलेल्या कुणालाही पटेल. पहिलं उत्तर पाठ करून येतं. दुसऱ्या प्रश्नाला मुलाला विचार करावा लागतो.

या तासाचं मोल मी आपल्याला सांगावं असं नाही. तरी राहवत नाही म्हणून सांगतो. १८९३ साली इंग्रजांच्या कायदेमंडळात या देशातला पहिला प्रश्न विचारला गेला, तो राज्यकारभाराच्या मोठ्या धोरणावर नव्हता. दौऱ्यावर आलेल्या साहेबांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांचे जे हाल होत, त्याबद्दल होता. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या पैशांबद्दल लोकसभेत प्रश्न आला, पुढे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली, आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. आमच्या कोकणपट्टीचे बॅरिस्टर नाथ पै राजापूरहून निवडून जायचे आणि परराष्ट्र धोरणावर बोलायचे. कोकणच्या खासदाराने कोकणापुरतंच बोलावं असं तेव्हा कुणी म्हणत नसे. माझ्या खासदारांसाठी म्हणून ही ओळ.

त्यांच्याबद्दलही दोन शब्द. श्रीलंकेच्या नौदलाने रामेश्वरमची बोट धरली की तमिळनाडूचे सदस्य सभागृह डोक्यावर घेतात. पक्ष कुठलाही असो. त्यांच्या आवाजाचा परिणाम होतो की नाही यावर वाद घाला, पण तिथल्या आईला निदान कळतं की आपल्या पोराचं नाव कुणीतरी घेतलं. महाराष्ट्रातून दोन्ही सभागृहांत ६७ सदस्य आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती एवढीच, की बोटीची नोंदणी गुजरातची असली तरी खलाशाचा मतदार क्रमांक पालघरचा असतो.

आता फाइलीतले आणखी काही कागद. क्रम लावत बसलो नाही, जसे हाताला लागले तसे.

एक पोस्टाचा आहे. तुरुंगातून क्वचित पत्र यायचं. हिंदीत, कुणा दुसऱ्याच्या हातचं, चारच ओळी, पण खाली सही त्याची. ते सुरेख अक्षर मी ओळखतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर ३ मे २०२५ रोजी आपल्या सरकारने पाकिस्तानातून येणारं सगळं टपाल बंद केलं. का केलं हे मला समजतं. बावीस एप्रिलला जे घडलं त्यानंतर कुणाच्याही मनात राग असणार, माझ्याही होता. महाराष्ट्रातलीही माणसं तिथे गेली. पण कैद्याचं पत्र त्यात धरायचं की वगळायचं, हे त्या दिवशी कुणीतरी ठरवायला हवं होतं. कुणाच्या ते ध्यानातच आलं नाही, असं मला वाटतं. त्या महिन्यापासून आईच्या घरी पत्र नाही. हे पाकिस्तानने केलेलं नाही. आणि पोस्ट हे तर पाचवंच खातं.

त्याच सुमारास दोन्ही देशांनी उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणली आणि अटारीची तपासणी चौकी बंद झाली. कराचीतली आपली वकिलात १९९४ मध्येच बंद झाली आहे. म्हणजे मलीरच्या कैद्याला भेटायचं तर हजार किलोमीटरहून अधिक लांब असलेल्या इस्लामाबादहून जायचं, तेही निम्म्या माणसांनिशी. अशा स्थितीत १ जुलैला आपण २६ जणांसाठी कॉन्सुलर अ‍ॅक्सेस मागितला. तो मिळाला का, कुणाला, कधी? ते २६ जण आत गेले त्याला तीन महिने कधीच उलटले असतील.

दुसरा कागद न्यायाधीशांच्या समितीबद्दलचा. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची एक संयुक्त समिती २००७ पासून होती. ही वडीलधारी मंडळी तुरुंगात जात, कैद्यांशी बोलत, आजारी कोण, वेडसर झालेला कोण, शिक्षा कुणाची संपली याची टिपणं करत आणि दोन्ही सरकारांना शिफारशी देत. तिची शेवटची भेट झाली ऑक्टोबर २०१३ मध्ये. माझा विद्यार्थी तेव्हा प्राथमिक शाळेत होता. आपण ती पुन्हा सुरू करायचा आग्रह धरला, पाकिस्तानने भेट आखली नाही, असं सांगितलं जातं. मान्य. पण बारा वर्षांत त्याला पर्याय म्हणून आपण दुसरं काय मांडलं?

तिसऱ्या कागदावर मी स्वतःच काहीतरी लिहून ठेवलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम ७३. विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, मासेमारीचे नियम मोडले तर किनारी देशाने दंड करावा, पण संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये, असं ते कलम सांगतं. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्ताननेही पुढे केला. मग हे कलम आपण पाकिस्तानपुढे ठामपणे का ठेवत नाही? या प्रश्नाचं एक अवघड उत्तर मला दिसतं, ते मीच सांगून टाकतो. १ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे आपल्या तुरुंगांतही ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. तेही बहुतेक असेच, सिंधच्या किनाऱ्यावरचे, कुणाच्या तरी उचलीत अडकलेले. कलम ७३ बोलायचं तर आपल्यालाही ते पाळावं लागेल. माझं म्हणणं आहे की पाळावं. त्यांच्या ८१ जणांच्या आयांची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. आपण पाळलं तरच आपल्याला मागता येईल, म्हणून लिहितोय.

मृत्यूंचे कागद मी वेगळ्या कप्प्यात ठेवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याहून गेलेल्या बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने गोळीबार केला, त्यात आमच्या पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार गेला. मार्च २०२४ मध्ये आमच्याच तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला आणि त्याचा देह गावी पोचायला महिन्याहून जास्त लागला. घरच्यांनी तोवर दिवस कसे घालायचे, हा प्रश्न मला एका बाईने विचारला होता. मी शिक्षक, मला उत्तर आलं नाही. यावर अधिक लिहीत नाही.

आणि एक कागद आनंदाचा असायला हवा होता. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान पालघरला आले. वाढवण बंदराची कोनशिला बसली. त्या बंदराबद्दल आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांचं काय म्हणणं आहे ते वेगळ्या पत्राचं काम आहे. त्याच मंडपातून मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. सीमा जवळ आली की बोटीला इशारा देणारं यंत्र. ही योजना पालघरमधून जाहीर व्हावी हे योग्यच होतं. आता सांगा, पालघरचे खलाशी ज्या सौराष्ट्राच्या बोटींवर जातात, त्यांतल्या किती बोटींवर ते यंत्र चालू आहे? आणि ते बंद करून सीमेकडे जायला सांगणाऱ्या मालकाला काय शिक्षा? पकडला जातो खलाशी. बोट गेल्याचं नुकसान शेठचं असतं आणि त्याबद्दल बोलणारे बरेच असतात. खलाशाची उचल मात्र तो तुरुंगात असतानाही फिटलेली नसते. एका कुटुंबाकडे ती मागायला माणूस आला, तेव्हा मी तिथे बसलो होतो.

याच विषयात एका सरकारी कार्यालयात मी तीनदा गेलो. कुठलं ते सांगत नाही. पहिल्यांदा सांगितलं, बोट गुजरातची, तिकडे जा. दुसऱ्यांदा सांगितलं, प्रकरण परदेशातलं, दिल्लीला लिहा. तिसऱ्यांदा बाईंनी चहा दिला. त्या भल्या बाई होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्याकडे याचा कॉलमच नाही."

महोदय, आपल्याला जमत नाही असं माझं म्हणणं नाही. कतारमध्ये फाशीची शिक्षा झालेले आठ माजी नौसैनिक फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटले, तेव्हा आमच्या वाचनालयात पेढे वाटले होते. तिथे न्यायालय, राजदूत, पंतप्रधान, सगळे एका दिशेने चालले. माझ्या विद्यार्थ्याचा गुन्हा त्यांच्या आरोपापेक्षा कितीतरी लहान आहे आणि तो सिद्ध होऊन त्याची शिक्षाही संपली आहे. त्याच्यासाठी सगळ्यांनी एका दिशेने चालावं, असं मागितलं तर ते जास्त होतं का?

मागणं लांबलचक नाही.

या विषयावर संसदेत एकाच मंत्र्याने उत्तर द्यावं, आणि ते आपण द्यावं. गृह, मत्स्यव्यवसाय, कामगार, पोस्ट यांची माहिती आपण आपल्या टेबलावर मागवा आणि एकत्र पटलावर ठेवा. उत्तरात 'किती' याबरोबर 'कधीपासून' असावं: अटकेची तारीख, शिक्षा संपल्याची तारीख, राष्ट्रीयत्वाची पडताळणी कुठल्या टप्प्यावर कुठल्या कार्यालयात आहे. नावं छापू नका, अनुक्रमांक चालतील. जिल्हा मात्र हवा. पडताळणीला गृह मंत्रालयापासून पोलीस ठाण्यापर्यंत दिवसांची मर्यादा घालून द्या. पाकिस्तानला एक महिन्याची आठवण करून देताना आपला कागद आपल्याच कपाटात पडलेला नसावा.

टपालबंदीतून कैद्यांची पत्रं वगळा. त्यासाठी इस्लामाबादला काही विचारावं लागणार नाही. दिल्लीतल्या दिल्लीत एक आदेश काढला की झालं.

अटक झाली की कुटुंबाला त्यांच्या भाषेत लेखी कळवा. आपली संसदेतली उत्तरं हिंदी-इंग्रजीत असतात. या विषयावरच्या उत्तरांची मराठी आणि गुजराती प्रत संबंधित जिल्हाधिकारी कार्यालयात लावली, तर मला दर वेळी ओट्यावर बसून भाषांतर करून सांगावं लागणार नाही. भाषांतर करताना 'सर्वोच्च प्राधान्य' या शब्दांशी मी नेहमी अडखळतो. समोर आई असते.

न्यायमूर्तींच्या समितीचं पुढे काय, आणि कलम ७३ वर भारताची भूमिका काय, या दोन प्रश्नांचं सरळ उत्तर सभागृहात मिळावं. नाही असेल तर 'नाही' म्हणा. ते 'नाही' मी नीट समजावून सांगेन, माझी सवय आहे.

संसदेचं पुढचं अधिवेशन येईलच. त्यात लोकसभेत आपल्या मंत्रालयाच्या वाट्याला शुक्रवार येतात. पंधरा दिवसांची सूचना धरून महाराष्ट्राच्या खासदारांना प्रश्न देता येईल. प्रश्नाचा मसुदा हवा असेल तर माझ्याकडे तयार आहे, दीडशे शब्दांत बसवला आहे, नियमाप्रमाणे. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला नवी यादी येते. त्या दिवशी आई सकाळीच ओट्यावर येऊन बसते. पुढच्या वेळी तिला किती जण ते सांगायचं नाहीये मला, तिचा पोरगा त्यांच्यात का आहे ते सांगायचं आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका डहाणू, जिल्हा पालघर